देवमासे, कोकण किनाऱ्यावरील

देवमासे हे समुद्रात राहणारे, फुप्फुसांनी हवेत श्वसन करणारे व पिलांना दूध पाजणारे प्राणी होत. नावात ‘मासा’ हा शब्द असला, तरी ते मासे नसून सस्तन प्राणी आहेत. संस्कृत वाङ्‌मयात प्रचंड जलचरांसाठी ‘तिमी’ व ‘तिमिंगल’ हे शब्द आढळतात. प्राणिविज्ञानात देवमासे, डॉल्फिन व शिंशुक यांचा समावेश सीटॅसिया या समूहात करतात. या समूहाच्या सुमारे ९० जाती ज्ञात असून त्यांपैकी तीसच्या आसपास जातींची नोंद भारताभोवतालच्या समुद्रांत झालेली आहे. अरबी समुद्रातील देवमाशांचा उल्लेख फार जुना आहे. अलेक्झांडरचा आरमारप्रमुख निआर्कस इ. स. पू. ३२५ मध्ये सिंधूच्या मुखापासून इराणच्या आखाताकडे जात असता मकरान किनाऱ्याजवळ समुद्रातून उंच उडणारे फवारे पाहून त्याचे खलाशी घाबरले व त्यांच्या हातांतील वल्ही गळून पडली, असे वर्णन ॲरियन या ग्रीक लेखकाने केले आहे.

देवमाशांविषयी सर्वसाधारणपणे विचारले जाणारे प्रश्न पुष्कळ आहेत. तो फवारा कशासाठी उडवितो, पाण्यात झोपतो कसा, किनाऱ्याला का लागतो, लागल्यावर का मरतो, त्याला पाण्यात ढकलले म्हणजे तो वाचतो काय, असे हे प्रश्न असतात. यांपैकी बहुतेकांचे उत्तर एकाच गोष्टीत सापडते. हा प्राणी पाण्यात राहतो, परंतु हवेवर जगतो. त्याचे पूर्वज जमिनीवरचे होते, मात्र त्याला स्वतःला आता जमिनीवर जगता येत नाही.

मासा व देवमासा यांतील फरक : मासे कल्ल्यांच्या साहाय्याने पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन घेतात. देवमाशाला कल्ले नसतात. माशाचा पुच्छपक्ष उभा असतो व पोहताना शेपटी डावीउजवीकडे हलते. देवमाशाचा पुच्छपक्ष आडवा असतो व शेपटी वरखाली हलते. पुढचे पाय वल्ह्यासारखे झालेले असून त्यांना अरित्रे म्हणतात. अरित्राच्या आत दंड, हात व बोटे यांची हाडे असतात. मागचे पाय नाहीसे झालेले असले, तरी श्रोणीच्या हाडांचे अवशेष मांसात रुतलेले आढळतात. मान आखूड असली, तरी इतर बहुतेक सस्तन प्राण्यांप्रमाणे मानेत सातच मणके असतात. शरीराचे तापमान माणसाच्या तापमानाइतकेच, म्हणजे ३६° ते ३७° से. च्या आसपास असते. ही उष्णता टिकविण्यासाठी त्वचेखाली तिमिवसा नावाचा चरबीचा जाड थर असतो. मादी एका वेळी बहुधा एकच पिलू देते. निळ्या देवमाशाचे पिलू जन्मतः सुमारे ७ मी. लांब व अडीच टन वजनाचे असते. आईचे दूध अतिशय स्निग्ध असून त्यावर ते दिवसाला सुमारे ९० किग्रॅ. वाढते.

व्हेल शार्क या प्राण्याबाबत मात्र गोंधळ होतो. कोकणातील मच्छीमारांच्या जाळ्यांत हा प्राणी अधूनमधून सापडतो आणि त्याच्या आकारामुळे व नावामुळे त्यालाही देवमासा समजले जाते. तो मुशीच्या जातीचा खराखुरा मासा होय. त्याला कल्ले असतात, पुच्छपक्ष उभा असतो आणि श्वासासाठी त्याला पृष्ठभागावर यावे लागत नाही. भारतात २००१ पासून त्याला कायद्याचे पूर्ण संरक्षण आहे.

श्वसन : देवमाशाची नाकपुडी डोक्याच्या वरच्या भागावर असते. दात असलेल्या देवमाशांत तिचे एक, तर बॅलीन असलेल्या देवमाशांत दोन छिद्रे असतात. बुडताना ती घट्ट मिटली जाते. वर येताच देवमासा जोराने उच्छ्‌वास सोडतो. त्यातील बाष्प बाहेर थंड होऊन, तसेच नाकपुडीवरील थोडे पाणी उडून फवारा दिसतो. पोटातील किंवा तोंडातील समुद्राचे पाणी तो नाकातून फेकीत नाही. माणूस साध्या श्वासात फुप्फुसांतील हवेचा लहानसा भागच बदलतो, तर देवमासा एका दमात ८० ते ९० टक्के हवा बदलू शकतो. शिवाय त्याच्या स्नायूंतील मायोग्लोबिन हे प्रथिन ऑक्सिजनाचा मोठा साठा करून ठेवते. त्यामुळे स्पर्म देवमासा हजार मीटरांहून अधिक खोलीवर तासभर राहू शकतो. क्युव्हिअरच्या चोचीच्या देवमाशाने एका बुडीत २२२ मिनिटे काढल्याची नोंद २०२० मध्ये प्रसिद्ध झाली.

श्वासोच्छ्‌वास ही माणसात आपोआप घडणारी क्रिया आहे. देवमाशात व डॉल्फिनात ती बहुतांशी इच्छेच्या अधीन असते. गाढ झोपेत श्वास विसरला, तर प्राण जाईल. म्हणून डॉल्फिनात मेंदूचा एक अर्धा भाग झोपतो व दुसरा जागा राहतो, असे आढळून आले आहे. जाळ्यात अडकलेला डॉल्फिन पाण्यातच गुदमरून मरतो, ही गोष्ट ऐकणाऱ्यास चमत्कारिक वाटते. परंतु पृष्ठभागावर येता न आल्यास त्याची गत पाण्यात बुडणाऱ्या माणसासारखीच होते. सागरी कासव हा सरीसृप प्राणी असला, तरी त्यालाही फुप्फुसेच असतात आणि जाळ्यात तो याच रीतीने मरतो.

उत्पत्ती : देवमाशांच्या उत्पत्तीचा पुरावा प्रामुख्याने भारत व पाकिस्तान यांच्या भूमीत मिळालेला आहे. पाकिस्तानात सापडलेला व १९८१ मध्ये वर्णन केलेला पाकिसीटस हा सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचा, चार पायांचा व लांडग्याएवढा प्राणी होय. त्याच्या कानाच्या हाडाची घडण देवमाशाच्या कानाशी जुळते. कच्छमधील खडकांतून अशोक सहानी व व्ही. पी. मिश्र यांनी १९७५ मध्ये आदिम देवमाशांच्या जीवाश्मांचे वर्णन केले. जम्मू-काश्मीरमधील कालाकोट येथे मिळालेल्या इंडोहायस या हरणासारख्या लहान प्राण्याला ए. रंगा राव यांनी १९७१ मध्ये नाव दिले. त्यांच्या संग्रहातील दगडांतून पुढे निघालेल्या हाडांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि देवमाशांचे आप्त समखुरी प्राण्यांत शोधावे लागतात, ही गोष्ट दृढ झाली. आज हयात असलेल्या प्राण्यांपैकी पाणघोडा हा त्यांचा सर्वांत जवळचा आप्त मानला जातो.

प्रकार व आहार : देवमाशांचे दोन गट पडतात. मिस्टिसेटी गटातील प्राण्यांना दात नसतात. वरच्या जबड्यातून बॅलीन नावाच्या शृंगद्रव्याच्या पट्टिका झालरीसारख्या लोंबत असतात. तोंडात घेतलेले पाणी या झालरीतून बाहेर दाबले जाते व लहान मासे किंवा कोळंबीसारखे क्रिल प्राणी आत अडकून राहतात. निळा देवमासा, ब्रायडचा देवमासा व हंपबॅक देवमासा हे या गटातील होत. ओडोंटोसेटी गटातील प्राण्यांना दात असतात. स्पर्म देवमासा, डॉल्फिन व शिंशुक यांचा समावेश या गटात होतो. हे प्राणी आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य हुडकतात. देवमासा माणसाला गिळतो, ही समजूत फार जुनी आहे. वास्तविक निळ्या देवमाशाचा घसा इतका अरुंद असतो, की त्यातून मनुष्य खाली जाऊ शकत नाही.

कोकणच्या समुद्रातील जाती : मुंबईसमोर सागरमग्न खंडभूमी सुमारे ३०० किमी. रुंद आहे, दक्षिणेकडे ती अरुंद होत जाते. खोल पाण्यात माखली वर्गातील प्राण्यांवर जगणारा स्पर्म देवमासा त्यामुळे मुंबई-ठाण्याच्या किनाऱ्यापासून फार दूर राहतो. किनाऱ्याच्या त्या मानाने जवळ येणाऱ्या मोठ्या जातींत ब्रायडचा देवमासा (बॅलिनॉप्टेरा ईडेनी) महत्त्वाचा आहे. त्याची लांबी १२ ते १५ मी. पर्यंत असते. तो उष्ण समुद्रांतच राहतो व तारली, बांगडा यांसारख्या थव्याने फिरणाऱ्या माशांवर उपजीविका करतो. २८ जानेवारी २०१६ रोजी मुंबईच्या जुहू किनाऱ्यावर याच जातीचे सुमारे ३५ फूट लांबीचे कलेवर वाहून आले होते.

निळा देवमासा (बॅलिनॉप्टेरा मस्क्युलस) हा पृथ्वीवर आजवर झालेल्या प्राण्यांत सर्वांत मोठ्या प्राण्यांपैकी एक असून त्याची लांबी ३० मी. पर्यंत भरते. उत्तर हिंदी महासागरातील निळे देवमासे आकाराने काहीसे लहान असून एडवर्ड ब्लाइथ यांनी १८५९ मध्ये त्यांना ‘इंडिका’ हे नाव दिले. जून २०१५ मध्ये रायगड जिल्ह्यातील रेवदंडा येथे सुमारे ४२ फूट लांबीचा जिवंत निळा देवमासा किनाऱ्याला लागला व दुसऱ्या दिवशी मेला. पूर्ण वाढलेल्या निळ्या देवमाशाची लांबी लक्षात घेता तो अल्पवयीन होता, हे उघड आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुणकेश्वरच्या समुद्रात संशोधकांनी २०१४-१५ च्या सुमारास निळे व ब्रायडचे देवमासे पाहिल्याची नोंद केली आहे.

अरबी समुद्रातील हंपबॅक देवमाशांचा समूह जगावेगळा आहे. इतर हंपबॅक उन्हाळ्यात ध्रुवीय समुद्रांत चरतात व हिवाळ्यात प्रजननासाठी उष्ण समुद्रांत येतात. अरबी समुद्रातील हंपबॅक मात्र वर्षभर याच समुद्रात राहतात. उन्हाळी वाऱ्यांमुळे खालचे पोषक पाणी वर येऊन येथे अन्नाची पैदास होते, हे त्याचे मुख्य कारण होय. ओमानजवळ नोव्हेंबर २०१७ मध्ये खूण बसविलेली ‘लुबान’ नावाची मादी अरबी समुद्र ओलांडून गोव्यासमोर आली व तेथून भारताच्या दक्षिण टोकाकडे गेली. ओमान व कोकण येथील देवमासे हे वेगळे समूह नाहीत, असे यावरून दिसते. या समूहातील प्राण्यांची संख्या शंभराहूनही कमी असावी, असा अंदाज आहे.

किनाऱ्यालगत सर्वांत जास्त दिसणारा प्राणी म्हणजे कुबडवाला डॉल्फिन (सूसा प्लंबिया) होय. मुरूड, दापोली, तारकर्ली इ. ठिकाणी पर्यटक पाहतात, तो बहुतेक हाच. पृष्ठपक्ष नसलेला शिंशुक (निओफोसीना फोकीनॉयडिस) हाही उथळ पाण्यात राहतो. तो लाजाळू असून पाण्याबाहेर उड्या मारीत नसल्यामुळे क्वचितच नजरेस पडतो. समुद्रगाय (ड्यूगाँग) हा वनस्पतिभक्षक सस्तन प्राणी कच्छचे आखात, तमिळनाडूचा आग्नेय किनारा व अंदमान येथे आढळतो.

खाडी व देवमासे : ठाणे जिल्ह्यातील भिवंडीसारख्या शहरांतून, मोठा देवमासा खाडीतून आत येऊ शकेल काय, असे विचारले जाते. भिवंडी हे कामवारी नदीकाठी वसले असून ही नदी उल्हास नदीच्या मुखाकडील वसईच्या खाडीला मिळते. भरतीचे पाणी या खाडीतून पुष्कळ आतपर्यंत येते. बोय, जिताडा, चिंबोरी हे प्राणी त्याबरोबर ये-जा करतात. परंतु गाळाने उथळ झालेल्या व ओहोटीला चिखल उघडा पडणाऱ्या पाण्यात मोठ्या देवमाशाला वळण्यापुरतीही जागा मिळत नाही. डॉल्फिन व शिंशुक मात्र नदीमुखांत शिरतात. याच खाडीच्या चिखलावर निवटी हा मासा ओहोटीच्या वेळी सरपटताना दिसतो. तो मासा असून ओल्या त्वचेच्या व कल्ल्यांतील पाण्याच्या आधारे काही काळ जमिनीवर तग धरतो. देवमासा हवेत श्वास घेत असूनही जमिनीवर तग धरू शकत नाही. म्हणून केवळ राहण्याच्या जागेवरून प्राण्याचा वर्ग ठरविता येत नाही.

खाडीकाठच्या वस्तीचा व देवमाशांचा संबंध आणखी एका मार्गाने येतो. नागरी सांडपाणी व कारखान्यांतील दूषित पाणी नद्यांवाटे समुद्रात जाते. त्यातील न विघटणारी क्लोरीनयुक्त संयुगे लहान जीवांकडून माशांत व माशांकडून डॉल्फिनांत जातात व तिमिवसेत साठत राहतात. मादी पिलाला पाजते तेव्हा चरबीतील हा साठा दुधाबरोबर पिलाच्या शरीरात उतरतो. पहिल्या पिलाच्या वाट्याला त्याचा मोठा भाग येतो.

किनाऱ्याला लागणे : देवमासे किनाऱ्याला लागण्याचे एकच कारण सांगता येत नाही. आजार, जहाजाची धडक, जाळ्यात अडकून झालेली जखम, आईपासून पिलाची ताटातूट, उपासमार ही कारणे आढळतात. मंद उताराच्या वाळूच्या किनाऱ्यावर प्रतिध्वनी नीट परत न आल्यामुळे दातवाले देवमासे फसतात, असाही तर्क आहे. जहाजांच्या यंत्रांचा गोंगाट व समुद्रतळाच्या पाहणीसाठी केले जाणारे स्फोट त्यांच्या श्रवणात अडथळा आणतात. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात समुद्रात मेलेल्या प्राण्यांची कलेवरे वारा व लाटा यांमुळे कोकणच्या किनाऱ्याकडे लोटली जातात. देवमासे आत्महत्या करतात, या समजुतीला आधार नाही. समूहाने राहणाऱ्या काही जातींत एक आजारी प्राणी उथळ पाण्यात शिरला, की इतर त्याच्यामागे जातात, एवढेच दिसते.

पाण्याबाहेर आलेला देवमासा अनेक कारणांनी मरतो. पाण्याचा आधार सुटला, की त्याचे स्वतःचेच वजन फुप्फुसांवर पडते. थंड पाण्यात उपयोगी पडणारी तिमिवसा उन्हात जाचक ठरते व शरीर आतून तापते. दाबाखाली चेचलेल्या स्नायूंतून निघणारी द्रव्ये मूत्रपिंडांना घातक होतात. भरतीच्या वेळी प्राणी कुशीवर पडलेला असल्यास नाकपुडीत पाणी जाऊन तो बुडतो. म्हणून तो पुन्हा तरंगताना दिसला, तरी बचावलाच असे म्हणता येत नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील गणपतीपुळे येथे देवमाशाचे सुमारे २० फूट लांबीचे पिलू किनाऱ्याला लागले. वन विभाग, स्थानिक मच्छीमार व स्वयंसेवक यांनी दीड दिवसाहून अधिक काळ त्याला ओले ठेवले व अखेर खोल पाण्यात नेऊन सोडले. परंतु ते पुन्हा किनाऱ्याला येऊन मेले. दूधपिते पिलू आईवाचून जगू शकत नाही. समुद्रात पोचल्यावरही त्याला अन्न देणारे कोणी नसते. असे प्रयत्न व्यर्थ असतात असा याचा अर्थ नव्हे. डॉल्फिन व मोठी झालेली निरोगी जनावरे लवकर परत पाठविल्यास वाचू शकतात. मात्र परत पाठविण्याचा निर्णय प्राण्याची तपासणी करून जाणकारांनी घ्यावयाचा असतो.

असा प्राणी दिसल्यास प्रथम वन विभागास कळविणे आवश्यक असते. महाराष्ट्रात २०१२ मध्ये स्थापन झालेला कांदळवन कक्ष हे काम पाहतो. तज्ज्ञ येईपर्यंत प्राण्याच्या अंगावर ओले कापड घालून पाणी शिंपडावे, नाकपुडी मोकळी ठेवावी व तीत पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नये, त्याला पोटावर राहील असा आधार द्यावा आणि गर्दी दूर ठेवावी. शेपटीला किंवा अरित्रांना दोर बांधून ओढल्यास सांधे निखळतात. मेलेल्या देवमाशाच्या पोटात कुजण्यामुळे वायू साठून ते फुटण्याचा धोका असतो व त्यापासून रोगसंसर्गही होऊ शकतो. त्यामुळे त्याच्याजवळ जाणे अनिष्ट असते.

अंबरग्रीस : स्पर्म देवमाशाच्या आतड्यात तयार होणारा हा मेणासारखा, करड्या रंगाचा पदार्थ होय. माखलीवर्गीय प्राण्यांच्या कठीण चोची न पचता आतड्यात राहतात व त्यांच्याभोवती हा पदार्थ साचतो. फार थोड्या प्राण्यांत तो आढळतो. प्रचारात त्याला ‘देवमाशाची उलटी’ म्हणतात. परंतु तो विष्ठेबरोबर किंवा प्राणी मेल्यानंतर बाहेर पडतो, असे मानले जाते. ताजेपणी त्याला दुर्गंधी असते. वर्षानुवर्षे खाऱ्या पाण्यावर तरंगून व उन्हाने त्यातील अँब्रीन या संयुगाचे रूपांतर होते आणि सुगंध येतो. पूर्वी उंची अत्तरांत सुवास टिकविण्यासाठी तो वापरीत. १९५० च्या सुमारापासून हाच सुवास देणारे द्रव्य वनस्पतिजन्य पदार्थांपासून तयार करता येऊ लागले.

भारतात अंबरग्रीस बाळगणे व त्याचा व्यापार करणे हा वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे. अलीकडच्या काळात मुंबई, ठाणे, पुणे व कोकण येथे पोलिसांनी अशी अनेक प्रकरणे पकडली आहेत. त्यांत सांगितल्या जाणाऱ्या कोट्यवधींच्या किमतींना भुलून माणसे या व्यवहारात ओढली जातात. समुद्रकिनारी सापडणारा मेणचट गोळा पुष्कळदा मेण, चरबी किंवा जहाजातून पडलेले तेलकट द्रव्य असतो.

शिकार व संरक्षण : तिमिवसेपासून निघणाऱ्या तेलासाठी विसाव्या शतकात देवमाशांची प्रचंड प्रमाणावर कत्तल झाली. अरबी समुद्रही त्यातून सुटला नाही. १९६० नंतरच्या दशकात सोव्हिएट जहाजांनी येथे बेकायदेशीर शिकार केली. १९६६ मध्ये त्यांनी दोनशेहून अधिक हंपबॅक मारले. ही माहिती सोव्हिएट संघाच्या विघटनानंतर प्रकाशात आली. आज शंभराच्या आत आलेल्या समूहाची ही हानी अजून भरून निघालेली नाही. आंतरराष्ट्रीय देवमासा आयोगाने १९७९ मध्ये हिंदी महासागर अभयक्षेत्र जाहीर केले आणि १९८२ मध्ये व्यापारी शिकारीस स्थगिती देण्याचा निर्णय घेतला.

शिकार थांबल्यावर जाळी, जहाजे, गोंगाट व प्रदूषण हे धोके पुढे आले आहेत. यांपैकी जाळ्यांचा प्रश्न मच्छीमारांच्या पोटाशी निगडित आहे. अडकलेला प्राणी सोडविण्यासाठी जाळे कापावे लागते व जाळे कापणे म्हणजे धंद्याचे साधन गमावणे होय. ही अडचण ओळखून महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये संरक्षित सागरी प्राणी जिवंत सोडणाऱ्या मच्छीमारास कमाल २५,००० रु. पर्यंत भरपाई देण्याची योजना सुरू केली. तिचा लाभ व्हेल शार्क, डॉल्फिन व कासवे सोडणाऱ्यांना मिळतो. जाळ्यात सापडलेल्या डॉल्फिनाजवळ श्वासाचा अवधी मिनिटांचाच असतो. तेवढ्या वेळात त्याच्यापर्यंत पोचू शकणारा मनुष्य बहुधा मच्छीमारच असतो. त्यामुळे कोकणच्या समुद्रातील या प्राण्यांचे रक्षण कायद्याइतकेच मच्छीमाराच्या तत्परतेवर अवलंबून आहे.